काळ्या बेदाण्याचा पाव

आमच्या सुभेदारांच्या तोंडात त्या उन्हाळ्यात एकही दात नव्हता आणि ही गोष्ट बाहेर कुणाला कळता कामा नये, असा घरात हुकूम होता. घरात म्हणजे आम्हा दोघींना, मला आणि सूनबाई शिवांजलीला. मुलगा वीरधवल फौजेत, तिकडे सरहद्दीवर. त्यालासुद्धा सांगायचं नव्हतं. झालं होतं असं की हलणारे, दुखणारे उरलेसुरले दात डॉक्टरांनी काढून टाकले, हिरड्या भरल्या की कवळी बसवू म्हणाले, आणि बसवायची वेळ आली तेव्हा सगळा देशच कुलूपबंद झाला. डॉक्टर पुण्यात अडकले, कवळी कुठल्यातरी लॅबमध्ये अडकली आणि आमचे सुभेदार साताऱ्यात, घराच्या चार भिंतींत, बोळक्या तोंडाने अडकले.

सगळं जग मास्कला वैतागलं होतं तेव्हा एकटा हा माणूस मास्कवर खूश होता. सकाळी आंघोळ झाली की मास्क चढवायचा तो थेट झोपतानाच काढायचा. घरातसुद्धा. खिडकीत उभे राहिले की समोरच्या चंद्राबाई आपल्या नातवाला दाखवायच्या, "बघ, बघ, सुभेदारांची शिस्त बघ. घरात असूनबी मास्क हाय." मला हसू दाबता दाबता ठसका लागायचा.

पण हसण्यासारखं त्यात फार नव्हतं. निवृत्त झाल्यापासून हे रोज पहाटे मैदानावर भरतीच्या पोरांकडून कसरत करून घ्यायचे. त्यांचा आवाज असा की मैदानावर "सावधान" म्हटलं की आमच्या स्वयंपाकघरात मी हातातलं लाटणं खाली ठेवायची. मैदान बंद झालं तेव्हा चंद्राबाईंनीच कल्पना काढली. त्या म्हणाल्या, "सुभेदार, गच्चीवर हुबं ऱ्हावा नि तिथनं हुकूम सोडा. आमी आपापल्या गच्चीवर हातपाय हालवू. बसून बसून गुडघं धरल्यात." सगळी गल्ली तयार झाली. यांनी मात्र मान हलवून नकार दिला आणि आत निघून आले. का, ते मला ठाऊक होतं. दात गेल्यापासून 'स' म्हणायला गेले की तोंडातून नुसती हवा निघायची. ज्या माणसाने हजारो जवानांना एका शब्दावर ताठ उभं केलं, त्याला तो शब्दच म्हणता येत नव्हता.

आणि खाण्याचे तर हालच. पेज दोन घोट प्यायची, वरणाचं पाणी ढोसायचं आणि वाटी सरकवायची. मी भाकरी दुधात कुस्करून दिली तर माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना अंगडं-टोपडं घालायला निघाले होते.

"ते लेकराचं खाणं हाय," म्हणाले. "मी अजून म्हातारा झालो न्हाई."

"मंग काय खाता? सांगा तरी."

"पाव."

फौजेची सवय ही. लंगरात, म्हणजे पलटणीच्या भटारखान्यात, सकाळी चहा आणि जाड कापलेला पाव मिळायचा, तो चहात बुडवून खायचा आणि परेडला जायचं. चहात बुडवलेला पाव म्हणजे जवानाचं खाणं आणि दुधात बुडवलेली भाकरी म्हणजे लेकराचं, हा हिशेब ते कुठल्या शाळेत शिकले देव जाणे. पण हिशेब पक्का होता. आणि पाव कुठे होता? आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीचे कारागीर आपापल्या गावी निघून गेले होते आणि भट्टी थंड पडली होती. दुसरीकडून कधीमधी पाकीट आलं तर ते दुकानाच्या दारातच संपायचं.

बघता बघता त्यांचा सदरा खांद्यावरून ओघळायला लागला. पट्ट्याला नवीन भोक पाडून घेतलं तेही लपून. मी ते बघितलं आणि त्या दिवशी मला खरी भीती वाटली. हा माणूस दातांवाचून नाही, लाजेने खंगत चालला होता.

माझा स्वभाव तापट आहे, लपवून काय करायचं? भीती वाटली की मला आधी राग येतो. मी शिवांजलीला म्हटलं, "काढ तुझा तो मोबाईल. पाव घरी कसा करत्यात ते बघ."

तिने बघितलं. मैदा हवा. होळीच्या पोळ्यांसाठी आणलेला शिल्लक होता. भट्टी नसली तरी चालेल, कुकरच्या तळाला मीठ पसरून, शिट्टी आणि रबर काढून त्यात भाजता येतो. आणि यीस्ट हवं. मी दुकानदाराला फोन केला तर तो हसला. "काकू, सगळी पेठ घरात बसून केक करतीया. यीस्ट बघायलाबी न्हाई." दुसऱ्याला केला, तिसऱ्याला केला. एकाने तर विचारलं, ते कशाचं औषध असतं?

सोडा घालून एकदा केला. त्याला पाव म्हणणं म्हणजे पावाची बदनामी होती. सुभेदारांनी एक तुकडा चहात बुडवला, तो तळाशी जाऊन बसला तो बसलाच. कप ठेवला आणि उठून गेले.

मग शिवांजलीला सापडलं बेदाण्याचं पाणी. उकळून गार केलेल्या पाण्यात बेदाणे घालायचे, चिमूटभर साखर, बरणीला सैल झाकण. रोज हलवायचं. आठवड्याभरात फसफसतं, बेदाणे वर तरंगतात, तेच यीस्ट. हे ऐकल्यावर मी कपाळावर हात मारला. अगं, माझ्या सुनेचं माहेर तासगावचं! तिच्या वडिलांच्या द्राक्षबागा, बेदाण्याचं शेड. आमच्या सोयरिकीत कमी काय पडलं असेल ते पडलं असेल, पण बेदाणे कधी कमी पडले नव्हते.

मी विहीणबाईंना, तानुबाईंना फोन लावला. म्हटलं, "इहीनबाई, थोडं बेदाणं धाडा की." का हवेत, ते सांगितलं नाही. हुकूम होता ना.

भाजीच्या टेम्पोला तेव्हा पास मिळायचा. तासगावचा पप्पू तो टेम्पो घेऊन साताऱ्याला यायचा, त्याच्याबरोबर पेटी आली. काय माल होता! लांबट, सोनेरी हिरवे, एकसारखे दाणे, एकाला देठ नाही. आम्ही मोठ्या विश्वासाने बरणी भरली. रोज हलवली. पाणी जसंच्या तसं. बेदाणे फुगून तळाशी पडून राहिले. शेवटी पाण्याला वास यायला लागला तेव्हा मी ते तुळशीत नाही, गटारात ओतलं.

शिवांजली म्हणाली, "आई, जुने असतील."

मी पुन्हा फोन केला आणि इथे माझी जीभ घसरली. "इहीनबाई, ते बेदाणं काय कामाला आलं न्हाईत," असं म्हणून गेले. तानुबाई एवढंच म्हणाल्या, "बरं. दुसरं धाडते." आणि पुढच्या टेम्पोने त्यांनी जो माल धाडला तो साहेबलोकांच्या देशात जातो म्हणे. आधीच्यापेक्षा मोठा, आधीच्यापेक्षा पिवळाधमक, पेटीत कागद घालून मांडलेला. आमच्या घरात लग्नाचा रुखवत उघडल्यासारखं झालं. पुन्हा बरणी, पुन्हा वाट आणि पुन्हा तेच.

त्या दिवशी मी बरणीवर चिडले, मोबाईलवर चिडले, मग शिवांजलीवर चिडले. ती बिचारी पेटी आवरत होती. सुभेदार पाणी प्यायला आत आले, मास्क खाली ओढला, पेटीवर वाकले आणि नाक फेंदारलं.

"दारूगोळ्याचा वाफ येतोय," म्हणाले. 'वास' म्हणायचं होतं.

मी वास घेतला. खरंच. काडेपेटीची काडी ओढल्यावर येतो तसा.

"गंधक हाय की ह्याला," शिवांजली सावकाश म्हणाली. "आमच्या शेडमधी धुरी देत्यात. म्हंजी रंग पिवळा ऱ्हातो, कीड लागत न्हाई. चांगल्या मालाला तर जास्तच."

मी मटकन स्टुलावर बसले. कीड मरावी म्हणून दिलेली धुरी, ती फसफसणाऱ्या जिवाला कशी सोडेल? जितका उंची माल, तितकी जास्त धुरी. म्हणजे आम्ही नावं ठेवत गेलो, विहीणबाई मान राखायला आणखी उंची माल धाडत गेल्या आणि आमचा पाव आणखी लांब जात राहिला.

"मंग धुरी न दिल्यालं कुठं मिळतील?"

"घरात खायला ठेवत्यात ते. काळं. येलीवर राहून गेल्यालं, तिथंच सुकल्यालं. त्याला ना सुकवायचं तेल, ना धुरी."

मी तिसऱ्यांदा फोन लावला. शिवांजली शेजारी उभी होती, म्हणून फोन मोठ्या आवाजावर ठेवला. पलीकडच्या खोलीत सुभेदार पेपर वाचत होते. पेपर म्हणजे जुना, नवा येत नव्हता.

"तानुबाई, तुमी घरात काळं बेदाणं ठेवता नव्हं? तेच द्या की थोडं."

"काळं?" तानुबाईंचा आवाज चढला. "ते आमी खातो, इहीनबाई."

"तेच पायजे. तुमी खाता तेच."

"आवं, काय बोलताय हे? ल्येक दिलीया तुमच्या घरात. त्या घरात देठासकट, सुरकुतल्यालं बेदाणं धाडू? तुमच्या गल्लीत कुणी बघितलं तर काय म्हणंल? बाप शेडवाला नि लेकीच्या सासरी असला माल?" आणि मग आवाज एकदम खाली आला. "दोन डाव धाडलं, दोन डाव तुमी न्हाई म्हणालासा. आमच्याकडनं काय चुकलं का? शिवाचं काय चुकलं का? असंल तर तोंडावर सांगा. बेदाण्याच्या आडनं नगा बोलू."

शिवांजलीचा चेहरा पांढरा पडला. त्या घरात काय चाललं असेल ते माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. आई-बाप रोज बसून विचार करत असतील, सासू आपल्या लेकीला टोचून बोलते की काय. मी पाव करायला निघाले होते आणि इथे सोयरीक नासत होती.

पलीकडच्या खोलीतून खाकरण्याचा आवाज आला. तो मला ओळखता येतो. तो 'खबरदार' असा होता.

मी इतकी वर्षं त्या खाकरण्याचा मान ठेवला. त्या दिवशी नाही ठेवला.

"तानुबाई, ऐका. आमच्या ह्यांच्या तोंडात एक दात न्हाई. समदं काढल्यात. कवळी अडकली पुण्याकडं. पावाबिगर दुसरं काय खात न्हाईत नि पाव मिळत न्हाई. काटकीगत झाल्यात, तानुबाई. मला लय भ्या वाटतंय. काळ्या बेदाण्याच्या पाण्यानं पीठ फुगतं, तुमच्या चांगल्या मालाला गंधक हाय म्हणून फुगंना. एवढंच हाय. शिवात काय खोट न्हाई, सोन्यासारखी पोर हाय."

शिवांजलीने माझा हात धरला. पलीकडच्या खोलीत पेपर आपटल्याचा आवाज झाला.

तिकडे तानुबाई हसायलाच लागल्या. हसता हसता त्यांना धाप लागली.

"आवं इहीनबाई, मंग आमच्या ह्यांच्या तरी तोंडात कुठं हायत! कवळी हाय त्यांची. शिवाच्या लग्नाच्या आधीची. लग्नात तुमच्या पंगतीत चिवडा न्हाई खाल्ला, सुपारी न्हाई घेतली, आठवतंय का?"

मला चांगलं आठवत होतं. "ते तर उपास हाय म्हणालं हुतं!"

"कसला उपास! कवळी सैल हुती. पाव्हण्यांच्या म्होरं पडली तर, म्हणून उपाशी बसलं."

आणि आम्ही इतकी वर्षं सांगत आलो होतो की आमचे व्याही फार नेमाधर्माचे. मी शिवांजलीकडे वळले.

"तुला ठाव हुतं?"

ती पदराशी चाळा करत म्हणाली, "दोन्हीकडनं हुकूम होता, आई."

अशी पोर. दोन घरच्या दोन बोळक्या तोंडांची लाज एकटीने सांभाळत होती आणि माझ्या शिव्याही खात होती. मी तिला जवळ घेतलं आणि तिथल्या तिथे सांगितलं की तुझ्यावर चिडले ते मनात ठेवू नकोस. ती म्हणाली, "ठेवलंय कुठं?"

सुभेदार माझ्याशी बोलायचे बंद झाले. हुकूम मोडला होता मी, तोही शत्रूपक्षाकडे, म्हणजे मुलीकडच्यांकडे. मीही बोलले नाही. पप्पूने डबा आणून दिला, पत्र्याचा, जुना, झाकणाला दोरी बांधलेला. तानुबाईंनी घरातला डबा होता तसा धाडला होता. आत काळे, वेडेवाकडे, देठासकट बेदाणे. वास मात्र बागेचा, उन्हाचा. गंधकाचा मागमूस नाही.

बरणी भरली. पहिले दिवस काहीच नाही आणि माझा जीव टांगणीला. मग एका सकाळी एक बेदाणा वर आला. संध्याकाळपर्यंत त्याच्या मागे चार-पाच. बारीक बुडबुड्यांच्या माळा सुटायला लागल्या. शिवांजली मोबाईलवर फोटो काढून आईला धाडत होती, तिकडून तानुबाई विचारत होत्या, आता किती वर आले? आणि एका दुपारी आम्ही दोघी भांडी घासत असताना बरणीचं झाकण फट्ट करून उडालं आणि फडताळाला जाऊन आपटलं.

सुभेदार धावत आत आले. "काय उडालं?"

"तुमचा दारूगोळा," मी म्हटलं. इतक्या दिवसांत माझा पहिला शब्द.

त्यांनी बरणी हातात घेतली, उजेडाकडे धरली. सगळे काळे बेदाणे वर येऊन गर्दी करून उभे होते, खालून बुडबुडे चढत होते. मास्कच्या वर त्यांचे डोळे बारीक झाले. ते हसत होते.

त्या पाण्यात थोडा मैदा कालवून ठेवला, तो फुगला. मग त्यात उरलेला मैदा, मीठ, थोडं तेल घालून मळायचं होतं. मी परात ओढली तर यांनी बाह्या सारल्या. "हो तिकडं." मळताना असे तुटून पडले की परात फरशीभर फिरत होती. मी म्हटलं, "आवं, कणीक हाय, गनीम न्हाई." गोळा ओल्या फडक्याखाली ठेवला आणि तिघेही त्याच्याभोवती घुटमळत राहिलो. तो सावकाश, कुणाची घाई न जुमानता, फडकं उचलत वर आला. मला रडू आलं. एवढंसं पीठ फुगलं म्हणून रडणारी बाई म्हणून हसा हवं तर, पण मी रडले.

कुकरात मीठ तापवलं, ॲल्युमिनियमच्या डब्यात गोळा घातला, डबा आत ठेवला. पाऊण तासाने जो वास सुटला तो खिडकीतून गल्लीत गेला असणार, कारण चंद्राबाईंनी समोरून हाक मारून विचारलं, "बेकरी उघडली का काय?"

डबा उपडा केला. पाव निघाला. वरून तांबूस, एका बाजूला जरा कलंडलेला, पण फुगलेला, दाबला की परत वर येणारा. कापला तर आत जाळी, आणि त्या जाळीत कुठे कुठे काळा बेदाणा. आम्ही मुद्दाम चार ठेवले होते.

सुभेदार टेबलाशी ताठ बसले. मास्क काढून बाजूला ठेवला. जाड काप कपात बुडवला, वर उचलला. तुटला नाही. तोंडात घातला. आम्ही दोघी उभ्याच. ते डोळे मिटून हिरड्यांनी घोळवत राहिले. गिळला. दुसरा काप घेतला. तिसरा घेतला. कप संपला तर पुढे केला.

"आणखी च्या," म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "बनू, हुकूम मोडला ते बरं केलं."

लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांनी मला सुनेसमोर नावाने हाक मारली नव्हती. मी चहा ओतताना बराचसा बशीत सांडला.

त्यांनीच शिवांजलीला तासगावला तोंड दिसणारा फोन लावायला सांगितलं. एरवी कुणाचा असा फोन आला की हे न्हाणीघरात जाऊन बसायचे. पलीकडे तानुबाई आणि व्याही, दोघंही टोपी-पदर सावरून बसलेले. यांनी पावाचा काप वर धरला आणि तोंड उघडून मोकळं हसले, सगळ्या हिरड्या दाखवून. व्याही बघत राहिले. मग त्यांनी तोंडात हात घातला, कवळी काढली, कॅमेऱ्यासमोर धरली आणि तसेच हसले. कुठला मान आणि कुठलं पान, दोन्हीकडचे पाचही जण हसून लोळत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाव-चहा घेऊन हे उठले आणि गच्चीचा जिना चढायला लागले. मी मागोमाग. आसपासच्या गच्च्यांवर लोक उन्हं अंगावर घेत बसले होते. हे कठड्याशी गेले, छाती भरून श्वास घेतला.

"फावधान!"

गल्ली चपापली. एका पोराने फिसकन हसून घेतलं, त्याच्या पाठोपाठ दोघा-तिघांनी. माझी मूठ आवळली गेली. पण सुभेदार त्या पोराकडे वळले, तोंड उघडून बोटाने दाखवलं आणि पूर्ण आवाजात म्हणाले, "दात न्हाईत मला! दात येतील तवा येतील. पाठ ताठ कर! फावधान!"

आणि समोर चंद्राबाई गुडघे धरत उठल्या आणि ताठ उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे नातू, पलीकडचे मास्तर, कोपऱ्यावरचा बेकरीवाला, सगळे. एकेका गच्चीवर माणसं उभी राहत गेली, पार गल्लीच्या टोकापर्यंत. मीही जिन्याच्या दाराशी टाचा जुळवून उभी राहिले. यांच्या हुकमावर हात वर गेले, खाली आले.

कसरत संपेपर्यंत मी खाली येऊन त्यांचा मास्क धुतला आणि दोरीवर वाळत घातला. मग बरणीत काळे बेदाणे टाकून वर नवीन पाणी ओतलं.